कापड न सोसणारा गाल

त्याचं खरं नाव बाजारात कुणाला ठाऊक नव्हतं आणि कुणाचं त्यावाचून अडतही नव्हतं. त्याच्या हातची दाढी करून उठलेला माणूस गालावरून हात फिरवत दोन दुकानं पुढे जायचा आणि स्वतःशीच म्हणायचा, मखमल. तेच नाव त्याला पडलं ते कायमचं.

सलून लहानसं. एक लांब आरसा, दोन खुर्च्या. दुसरी खुर्ची उस्तादांची. त्यांनीच त्याला पोरसवदा वयात हाताखाली घेतलं, आधी फुगवलेल्या फुग्यावर साबण लावून वस्तरा फिरवायला शिकवलं आणि फुगे फुटायचे थांबले तेव्हा पहिल्यांदा स्वतःचा गाल त्याच्यापुढे केला. आता उस्तादांची छाती पार थकली होती. ते घरीच अंथरुणाला होते, आणि दर रविवारी सकाळी मखमल त्यांच्या घरी जाऊन त्यांची दाढी करायचा. दुसऱ्या कुणाला ते गालाला हात लावू देत नसत.

मखमलच्या स्वतःच्या तोंडावर मात्र गेली तीन वर्षं दाढी होती, आणि तीही धड नाही. उजवीकडे विंचरलेली, डावीकडे रान माजलेलं. शेजारचा चष्मेवाला म्हणायचा, "अरे, आरसा तुझ्यासमोर की पाठीमागे?" मखमल हसायचा, तेही उजव्या अर्ध्या तोंडाने. लोकांना वाटायचं, कारागिराचा स्वभावच तऱ्हेवाईक.

खरं कारण एकट्या बायकोला माहीत होतं.

तीन वर्षांपूर्वी एका सकाळी चूळ भरताना त्याच्या डाव्या गालातून कानापर्यंत अशी सणक गेली की हातातला तांब्या मोरीत पडला. दात असेल म्हणून दातांच्या डॉक्टरकडे गेला. त्याने एक दाढ काढली. सणक गेली नाही, म्हणून शेजारची काढली. दोन्ही दाढा बिचाऱ्या निर्दोष निघाल्या. मग मोठ्या दवाखान्यात कळलं की दुखणं चेहऱ्याच्या नसेचं आहे. डॉक्टरांनी लांबलचक नाव सांगितलं. त्यातलं त्याच्या लक्षात राहिलं ते एवढंच, की गालाला वारा लागला, पाणी लागलं, कापड घासलं तरी नस पेटते. विजेची तार ओल्या हाताने धरावी तशी. दोन-चार क्षण, आणि मग काही झालंच नाही असं सगळं शांत.

गोळ्या होत्या. पूर्ण गोळी घेतली की नस झोपायची, पण हातही झोपायचे. वस्तरा धरला की बोटं दुसऱ्याची वाटायची. म्हणून तो अर्धीच घ्यायचा. अर्ध्या गोळीत हात ताळ्यावर राहायचा आणि नस कधीमधी उठायची.

आता हे सांगायचं कुणाला? ज्या माणसाच्या अंगात केव्हाही वीज शिरते, त्याच्या वस्तऱ्याखाली कोण मान देईल? त्याने सलूनमधला पंखा गिऱ्हाइकाकडे वळवून ठेवला, दाढी करताना बोलणं बंद केलं, आणि एक गोष्ट शिकून घेतली. सणक यायच्या आधी डोळ्याखाली, गालाच्या हाडावर, मुंगी चालल्यासारखं व्हायचं. मुंगी चालली की तो वस्तरा उचलायचा, पुसायच्या निमित्ताने पाठ फिरवायचा, दात आवळून ती कळ जाऊ द्यायचा आणि मग पुन्हा खुर्चीकडे वळायचा. तीन वर्षांत कुणाला साधा ओरखडा आला नाही. रोज सकाळी दुकान उघडताना तो हात जोडून एकच मागायचा: आज मुंगी वेळेवर पाठव.

मग ती साथ आली आणि सगळ्यांची तोंडं झाकली गेली. काही काळ सलून बंदच होतं. पुन्हा उघडायची परवानगी आली ती अटीवर, की कारागिराने मास्क लावल्याशिवाय गिऱ्हाइकाला हात लावायचा नाही. अट रास्तच होती. ज्याचं तोंड समोरच्याच्या तोंडावर वीतभर अंतरावर असतं, त्याने नाही लावायचा तर कुणी?

बायकोने जुन्या, धुऊन धुऊन विरलेल्या पांघरुणाचा मास्क शिवून दिला. फुलासारखा हलका. त्याने तो स्वयंपाकघरात उभं राहून लावला आणि दोन श्वास घेतले. तिसऱ्या श्वासाला कापड गालावर हललं, आणि तो ओट्याची कड धरून खाली बसला. मग तोंडापुढे बांधायची प्लास्टिकची काच आणून पाहिली. तिच्याआड स्वतःचाच ऊन श्वास परतून गालावर यायचा. तीही गेली माळ्यावर.

मग त्याने सलूनला कुलूप लावलं आणि विचारणाऱ्याला सांगायला लागला, पाठ धरली आहे. रविवारी उस्तादांकडे जाणंही थांबलं.

एका शनिवारी संध्याकाळी उस्तादांच्या लेकीचा फोन आला. ती दवाखान्यात नर्स होती. लहानपणापासून त्याला दादाच म्हणायची.

"दादा, तुझी पाठ गेली खड्ड्यात. उद्या यायचं."

"काय झालं, ताई?"

"बाबांना डॉक्टरांनी झोपताना लावायचं श्वासाचं यंत्र दिलंय. त्याचा मास्क चेहऱ्याला घट्ट चिकटून बसावा लागतो. बाबांची दाढी ही एवढी वाढलीय. सगळी हवा केसांतून बाहेर जाते. काल सबंध रात्र झोप नाही, नखं निळी पडली होती."

"मग तू..."

"करून पाहिली ना, प्लास्टिकच्या रेझरने. त्यांची कातडी म्हणजे नुसतं लोंबतं फडकं. दोन ठिकाणी कापलं. मला म्हणाले, तू दाढी करतेस की मटार सोलतेस. आता रेझर दिसला की तोंड भिंतीकडे." मग तिने बजावलं. "मास्क लावून यायचं हं. त्यात काही ऐकणार नाही. त्यांच्या छातीत आता काही शिरलं तर मी काहीही करू शकणार नाही."

फोन ठेवून तो बसून राहिला. बायकोने सगळं ऐकलं होतं.

"सांगून टाका तिला," ती म्हणाली. "घरचीच पोर आहे."

"तिला सांगितलं की उस्तादांना कळणार. उस्तादांना कळलं की संपलं."

"काय संपलं?"

"वस्तरा."

"आणि नाही सांगितलं तर काय संपेल, त्याचा विचार केलात का?"

तो उठून वस्तऱ्याला धार लावायला लागला. बोलला असता तर कदाचित बरं झालं असतं. पण माणसाने एखादी गोष्ट तीन वर्षं पोटात ठेवली की ती बाहेर काढायला तोंड सापडत नाही. त्याने मनाशी हिशेब केला तो असा: म्हाताऱ्याची दाढी ती केवढी, पाव तास लागणार. गोळी अर्धीच घ्यायची, कारण उस्तादांच्या कातडीला जड हात चालणार नाही. बाकी देव आहे, आणि मुंगी आहे.

सकाळी दारातच उस्तादांच्या लेकीने त्याला थांबवलं. तिच्या तोंडावर मास्क, हातात हातमोजे. त्याच्या गळ्यातला बायकोने शिवलेला मास्क पाहून तिने मान हलवली. "हे मच्छरदाणीचं कापड नको. हा घे." पाकिटातला नवा, निळा, नाकावर तार असलेला.

त्याने उजव्या कानात नाडी अडकवली, मग डाव्या. कापड गालापासून जरा दूर राहील असं धरून ठेवलं. ती पुढे आली.

"असा कुणी लावतं का? तार दाब. थांब, मी दाबते."

तिचा हात त्याच्या चेहऱ्याकडे येताना दिसला आणि तो एक पाऊल मागे सरकला.

"लाजतोस काय, दादा? हात धुतलेत मी."

"मीच लावतो," तो म्हणाला, आणि डोळे मिटून तार दाबली. कापड गालावर बसलं. एक श्वास गेला. दुसरा गेला. काही झालं नाही. त्याने मनातल्या मनात देवाचे पाय धरले.

उस्तादांच्या खोलीची खिडकी व्हरांड्यात उघडत होती. पलंगाची डोक्याकडची बाजू उंच केली होती. उशाशी यंत्र, त्याची जाड नळी, नळीच्या टोकाला रबरी कडेचा पारदर्शक मास्क. उस्तादांचं अंग म्हणजे चादरीला पडलेली एक घडी. डोळे तेवढे जुनेच होते.

"आलास? मला वाटलं, मेल्यावर एकदाच दाढी करायला येणार."

"पाठ धरली होती, उस्ताद."

"आता कुठे धरलीय? तोंड का असं?"

"मास्क आहे ना."

"मास्क सगळ्यांनाच आहे."

त्याने उत्तर टाळून पाणी ऊन केलं, ब्रश भिजवला, फेस काढला. लेक पायाशी स्टुलावर बसली. उस्तादांच्या गालावर फेस चढला तसे त्यांचे डोळे मिटले, आणि मखमलला क्षणभर बरं वाटलं. वस्तरा उघडला. डाव्या हाताच्या दोन बोटांनी कातडी ताणून त्याने कानाजवळून पहिला हात खाली आणला.

दर श्वासाला निळं कापड आत ओढलं जायचं आणि बाहेर जायचं. आत येताना गालावर टेकायचं. त्याने युक्ती काढली. श्वास धरायचा, एक हात फिरवायचा, वस्तरा उचलायचा, मग श्वास सोडायचा. उजवा गाल झाला. वरचा ओठ झाला. घाम कपाळावरून भुवईत उतरला. डावा गाल झाला.

"श्वास का धरतोयस?" उस्ताद डोळे न उघडता म्हणाले. "छाती माझी गेलीय, तुझी नाही."

"नीट व्हावं म्हणून."

"पूर्वी नीट होत नव्हतं का?"

लेक हसली. मखमलला हसता येईना. हनुवटी उरली होती आणि गळा. यंत्राच्या मास्कची कड हनुवटीखालीच बसायची, त्यामुळे नेमकी तीच जागा स्वच्छ व्हायला हवी होती. त्याने उस्तादांची मान हळूच मागे कलवली. तिथली कातडी पातळ, सुरकुतलेली, आणि खाली एक शीर संथपणे उडत होती.

आणि त्याच वेळी त्याच्या ध्यानात आलं ते अगदी साधं होतं. कापड नेमकं गालाच्या हाडावर बसलं होतं, आणि तिथे मघापासून सारखी गुदगुल्यांसारखी खाज चालू होती. मुंगीची जागा तीच. आता मुंगी आली तरी त्याला कळणार नव्हती.

त्याने थांबायला हवं होतं. वस्तरा तेव्हाच मिटून, उस्ताद, मला जमत नाही, एवढं बोलायला हवं होतं. पण गळा अर्धा उघडा होता, फेस वाळत होता, आणि त्याला वाटलं, चार हात, फार तर पाच. त्याने श्वास धरला. एक हात झाला. दुसरा झाला. तिसऱ्यासाठी त्याने वस्तरा जबड्याच्या कडेखाली टेकवला.

सणक आली ती कसलीही वर्दी न देता आली. डोळ्यांपुढे पांढरं झालं. त्या पांढऱ्यातही त्याला एकच ठाऊक होतं: बोटं सोड. हात हलवू नकोस, नुसती बोटं सोड. त्याने बोटं सोडली. वस्तरा उस्तादांच्या छातीवरच्या टॉवेलवर पडला. पुढचं त्याला दिसलं नाही. तो गुडघ्यावर होता, कानातल्या नाड्या ओढून मास्क काढला होता, आणि दोन्ही पंजे चेहऱ्याच्या दोन्ही बाजूंना हवेत धरले होते, गालाला न लावता.

"दादा!" लेक उठली. उस्तादांच्या गळ्यावर फेसात लाल रेघ उमटत होती. तिने झटकन कापूस दाबला, पुसून पाहिलं, पुन्हा दाबला. रेघ वरवरची होती, बोटाच्या पेराएवढी. पण फेसात रक्त फार दिसतं.

"बाहेर जा," ती कापूस न सोडता म्हणाली. "मास्क नाही तुझ्या तोंडावर. आधी बाहेर जा."

तो भिंत धरत व्हरांड्यात गेला आणि खाली बसला. सणक आली तशी निघून गेली. आत तिची ये-जा ऐकू येत होती. मग तीन हात अंतरावर खिडकीत ती उभी राहिली. मास्कच्या वर तिचे डोळे भरलेलेही होते आणि तापलेलेही.

"पिऊन आलायस?"

"नाही."

"मग काय होतं ते? वडील आहेत माझे ते, दादा. गळ्यावर वस्तरा होता तुझा."

आणि त्याने सांगितलं. चुळीपासून मुंगीपर्यंत सगळं. सांगायला फार वेळ लागला नाही, याचंच त्याला नवल वाटलं. ऐकता ऐकता तिचा हात कपाळावर गेला. हे दुखणं तिने दवाखान्यात पाहिलं होतं. धडधाकट माणसं या नसेपायी भिंतीवर डोकं आपटताना पाहिली होती.

"मग मला काल फोनवर सांगायला काय झालं होतं? 'ताई, मला मास्क सोसत नाही', एवढंच. मी काही खाल्लं असतं का तुला?"

"का सोसत नाही ते विचारलं असतंस."

आतून उस्तादांचा आवाज आला, धापा टाकत, पण स्पष्ट.

"किती वर्षं?"

"तीन, उस्ताद."

"तीन वर्षं माझ्या गळ्याशी जुगार खेळलास."

"हो."

"आणि बाजाराच्या?"

"हो."

मग म्हातारा म्हणाला, "ताई, तो वस्तरा इकडे दे." तिने दिला. त्यांनी तो टॉवेलला पुसला, मिटला आणि उशीखाली सारला. "हा आता याला मिळायचा नाही."

मखमलने मान खाली घातली. याच वाक्याला तो तीन वर्षं भीत होता. ते ऐकल्यावर खांद्यांवरून काहीतरी उतरलं हेही खरं, आणि हात एकदम परक्यासारखे मांडीवर पडले हेही खरं.

"गोळी किती घेतोस?" लेकीने विचारलं.

"अर्धी. पूर्ण घेतली की हात जड होतो."

"आता हात हलका ठेवून कुणाला दाखवायचाय? पूर्ण घे. उद्या मी तुझ्याबरोबर डॉक्टरांकडे येते."

"मी कात्री धरू शकतो," तो हळूच म्हणाला. "कात्रीने गळा कापत नाही."

"साथ संपू दे, मग बघू," आतून उस्ताद म्हणाले. "आधी माझ्या उरलेल्या अर्ध्या गळ्याचं काय ते सांगा. का असाच ठेवता मला, नांगरट अर्धी टाकलेल्या शेतासारखा?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. लेकीचं तोंड मास्कमागे होतं तरी ती घाबरली आहे हे दिसत होतं.

"ताई करेल," मखमल म्हणाला. "मी सांगतो तसं."

"ही? हिने परवा दोनदा कापलं."

"सांगणारं कुणी नव्हतं. आज मी आहे." तो उठला आणि खिडकीपासून अंतर राखून व्हरांड्याच्या कठड्याला टेकून उभा राहिला, तिथून पलंग नीट दिसत होता. "ताई, तुझा तो रेझर घे. नवा. आधी ऊन पाण्याचा रुमाल गळ्यावर ठेव. घाई नको, राहू दे जरा. आता फेस. चोळू नकोस, ब्रशने गोल गोल."

"नाकात जातोय," उस्ताद म्हणाले.

"जाऊ दे. बोलू नका, गळा हलतो. ताई, डाव्या हाताची दोन बोटं कानाखाली. वर ओढ. अजून. कातडी पाटीसारखी सपाट झाली पाहिजे. झाली?"

"झाली."

"आता रेझर टेकव. दाबायचं नाही, त्याच्याच वजनाने जाऊ दे. वरून खाली. छोटा हात."

रेझर फेसात शिरताना इथून दिसत होता, आणि त्याला काहीही करता येत नव्हतं. उभ्या आयुष्यात त्याने दुसऱ्याच्या गळ्यावर दुसऱ्याचा हात असा पाहिला नव्हता. आपल्या वस्तऱ्याखाली बसलेल्या माणसाची बायको दारात उभी राहून बघते तेव्हा तिला कसं वाटत असेल, ते त्याला आज कळलं. त्याने कठडा मुठीत धरला आणि देवाचं नाव घेतलं, या वेळी स्वतःसाठी नाही.

"पूस. पुन्हा ताण. बोटं खाली आण आधी. शीर दिसतेय का? तिच्यावरून आडवं जायचं नाही, तिच्या बाजूने उभं जायचं. हां. असं."

"दादा, मला भीती वाटतेय."

"वाटू दे. ज्याला वाटत नाही त्याच्या हातात देऊच नये."

उस्तादांचा एक डोळा उघडला, त्याच्याकडे वळला आणि मिटला.

कापलेल्या रेघेपाशी त्याने तिला थांबवलं, तेवढी जागा सोडून पुढे जायला सांगितलं. शेवटचा हात हनुवटीखालून निघाला तेव्हा तिने रेझर भांड्यात टाकला आणि भिंतीला पाठ टेकली. तिच्या कानामागे घामाने केस चिकटले होते. ओल्या रुमालाने तिने वडिलांचा गळा पुसला. एकही नवी रेघ नव्हती.

"मखमल नाही," उस्ताद गळ्यावरून हात फिरवत म्हणाले. "खादी आहे. पण चालेल."

मग त्यांनी खिडकीकडे मान वळवली. "बाजारात तू सांगणार का मी फोन करू?"

"मी सांगतो."

"कुणापासून सुरुवात?"

"चष्मेवाल्यापासून. तो आठवड्यातून दोनदा मान द्यायचा."

"तो शिव्या देईल."

"देऊ दे. हक्क आहे त्याचा."

लेकीने यंत्राचा मास्क उचलला आणि वडिलांच्या चेहऱ्यावर बसवला. पट्टे ओढले, रबरी कड हनुवटीखाली सारली आणि कळ दाबली. यंत्र घरघरलं. ती त्यांच्या गालाजवळ तळहात धरून, कडेकडेने फिरवत, हवा कुठून निसटते का ते बघत राहिली. मखमलही कान देऊन ऐकत होता. कुठूनही हवा सुटल्याचा आवाज येत नव्हता. उस्तादांची छाती वर गेली, खाली आली, आणि पुन्हा पूर्ण वर गेली.

बोलता येत नव्हतं म्हणून म्हाताऱ्याने चादरीवरचा हात उचलला आणि बोटाने फाटकाकडे खूण केली. जा म्हणून. मखमलने कठड्यापाशीच वाकून नमस्कार केला, चपला पायात सरकवल्या आणि रस्त्याच्या कडेकडेने, येणाऱ्या-जाणाऱ्यांपासून दूर राहत, चष्मेवाल्याच्या घराची वाट धरली.